मागचं पान

"परत आले कागद," निनाद म्हणाला. "तिसऱ्यांदा, उत्तरा."

मी डबा भरत होते. फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. फलटणला सकाळचे सात वाजले होते, त्याच्याकडे ओहायोत रात्र. एरवी आधी जेवलास का, थंडी किती, असं काहीबाही व्हायचं. त्या दिवशी तेवढंही झालं नाही.

"आता काय राहिलं?"

"लग्नाच्या दाखल्याची मागची बाजू. शिक्का तिकडे असतो, आणि आपण फक्त पुढची बाजू पाठवलीय. पहिल्यांदा तुझ्या जन्मदाखल्याचं भाषांतर नव्हतं. दुसऱ्यांदा भाषांतर होतं, पण ते करणाऱ्याच्या सहीचं पान नव्हतं. दर वेळी नेमकं एकच पान!" मग एकदम म्हणाला, "तुला यायचंय ना नक्की?"

"म्हणजे?"

"म्हणजे विचारतोय. नसेल यायचं तर सांग. मी ऐकून घेईन."

"एकोणीस दिवस नवरा बघितलाय मी. नको वाटायलासुद्धा जरा वेळ मिळावा लागतो."

तो हसला नाही. फोन ठेवल्यावर माझं डोकं असं फिरलं की डब्यात पोळीच ठेवायची राहिली.

खरं म्हणजे तो प्रश्न मी त्याला विचारायचा होता. लग्नाला सोळा महिने झाले होते, त्यातले पहिले एकोणीस दिवस तो इथे होता. निनाद शेटे मूळचा साताऱ्याचा, पण आता तिकडचा नागरिक. बायकोसाठी त्यानं केलेला अर्ज आठ महिन्यांत मंजूर झाला होता. मग ती फाइल तिकडच्याच दुसऱ्या एका कचेरीत गेली. तिथे म्हणे माणसाला कोणी बघत नाही, फक्त कागद बघतात. सगळे कागद बरोबर निघाले की मगच मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळते. आमची फाइल तिथेच अडकून बसली होती. मी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. दुधात कोणी काय मिसळलंय ते शोधायचं, ह्याचाच पगार मिळायचा मला. बरोबरच्या बायका विचारायच्या, "अगं, अजून इथंच?" आणि मी वळले की आपसात म्हणायच्या, तिकडे दुसरी असणार. मला ऐकू यायचं. न येऊन सांगते कुणाला! शंकेची पाल माझ्याही मनात चुकचुकत होतीच. फोनवर एखादं वाक्य तो सुरू करायचा आणि अर्ध्यावर सोडून द्यायचा. "एक विचारू का तुला," म्हणायचा. मी "विचार की" म्हटलं की "राहू दे." कुठेतरी पाणी मुरतंय हे नक्की, पण कुठे ते कळत नव्हतं.

कागदांचं सगळं आप्पा बघत होते. आप्पा म्हणजे माझे वडील, विश्वनाथ माळवदे, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले अव्वल कारकून. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांनी निवृत्तीनंतर हट्टानं संगणक शिकून घेतला होता, स्कॅनर आणला होता. घरात आलेला कुठलाही कागद, अगदी गॅसवाल्याची चिठ्ठीसुद्धा, आधी त्यांच्या हातात जायचा. ते लाल पेन्सिलनं वर कोपऱ्यात 'आवक' लिहून तारीख टाकायचे, आणि पानं एकापेक्षा जास्त असली की एक छेद दोन, दोन छेद दोन असे आकडे घालायचे. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा आवक पडलेली आहे. निनाद दोनदा म्हणाला होता, मला मेल करा, मीच चढवतो. आप्पा म्हणाले, "जावयाला कशाला त्रास? मी आहे ना." मला बरंच वाटलं होतं. कटकट गेली.

त्या संध्याकाळी मी त्यांना सांगितलं, "पुन्हा परत आले."

आप्पा ओसरीत शेंगा निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. "त्रुटी काढतात. कचेरी म्हटली की असंच. करू पूर्तता."

"मी उद्या पुण्याला जाते. ही कामं करणारी एक बाई आहे, तिला दाखवते."

शेंगा निवडणारा हात थांबला. "बाहेरच्या माणसाला घरचे कागद दाखवू नयेत, उत्तरा."

"आप्पा, सोळा महिने झाले."

"तरी नको."

मी गेलेच. लॉगिनचा पासवर्ड निनादकडून घेतला, एका दिवसाची रजा टाकली आणि पहिली एसटी धरली.

तळवलकर बाईंचं ऑफिस डेक्कनला दुसऱ्या मजल्यावर. बाई साठीच्या, केस पांढरेशुभ्र. त्यांनी माझी केस पडद्यावर उघडली आणि चष्मा नाकावर खाली घेतला.

"हे कोण करतंय तुमच्याकडून?"

"माझे वडील."

"त्यांना सांगा, मागचं पान विसरत जाऊ नका."

"माझे वडील पान विसरत नाहीत हो. ते गॅसवाल्याच्या चिठ्ठीलासुद्धा नंबर घालतात."

"मग हे काय?" त्यांनी दाखला मोठा करून दाखवला. वर उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीत लिहिलं होतं, एक छेद दोन. त्यांनी आधीचे दोन कागद उघडले. जन्मदाखल्यावर एक छेद तीन. भाषांतरावर दोन छेद तीन.

पुढचं पान आहे हे आप्पांना माहीत होतं. आकडा घातला तेव्हाच माहीत होतं. आणि तरीही त्यांनी ते मागे ठेवलं, एकदा नाही, तीनदा.

"मूळ अर्जाची प्रत असेल ना? मुलाखतीला लागेल," बाई म्हणाल्या.

ती माझ्या मेलवर होती. निनादनं वर्षापूर्वी आम्हा दोघांना पाठवली होती. मी उघडलीच नव्हती, आप्पा वाचतील म्हणून. बाईंनी ती भराभर पुढे सरकवली आणि एके ठिकाणी बोट ठेवलं.

"मिस्टरांचं हे दुसरं लग्न. पहिल्याच्या घटस्फोटाचा निकाल जोडलाय, ठीक आहे. मुलाखतीत हे विचारतात बरं का. नवऱ्याचं पहिलं लग्न बायकोला माहीत नसलं की त्यांना संशय येतो, लग्न खरं की नुसतं कागदावरचं. तुम्हाला माहीत आहे ना?"

"आहे की," मी म्हणाले.

किती सहज म्हणाले! त्या बाईसमोर मी बावळट दिसायला नको, एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. मग जिना उतरले आणि खालच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसले.

परतीच्या एसटीत मी एकेक धागा जुळवला. निनादनं लपवलं. आप्पांनी अर्ज वाचला, कारण आप्पा प्रत्येक पान वाचतात. त्यांना कळलं की जावई लबाड निघाला. लेकीला सांगायचं धाडस होईना, म्हणून त्यांनी आपल्या पद्धतीनं फाइल अडवली. नाकारायची नाही, नुसती त्रुटी ठेवायची. आणि मी मात्र म्हाताऱ्यावर संशय घेतला! लोणंद येईपर्यंत मी रडून घेतलं.

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. आप्पा ओसरीतच होते.

"निनादचं पहिलं लग्न झालेलं आहे," मी उभ्या उभ्याच म्हणाले.

आप्पांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. पुन्हा घातला. "त्या बाईनं सांगितलं?"

"अर्जातच लिहिलंय. तुम्ही वाचलं होतंत ना? म्हणून अडवलंत ना सगळं?"

त्यांनी अंगणाकडे बघितलं. मग म्हणाले, "होय. म्हणूनच अडवलं."

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडले. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. हात गार पडला होता. मला वाटलं, माझ्या दुःखानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मीच फोन लावला. आप्पा पेन्शनर संघाच्या वाचनालयात पेपर वाचायला गेले होते.

"तुझं पहिलं लग्न झालं होतं," मी म्हणाले. "आणि सोळा महिने तू माझ्याशी गोड बोलतोयस. लाज नाही वाटत?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग निनाद म्हणाला, "हे तू आत्ता का काढतेयस?"

"आत्ता कळलं म्हणून!"

"आत्ता?" त्याचा आवाज बदलला. "उत्तरा, निकालाची प्रत मी आप्पांना साखरपुड्याआधी कुरिअरनं पाठवली होती. फोनही केला. म्हटलं, मी स्वतः बोलतो तिच्याशी. ते म्हणाले, आमच्याकडे अशा गोष्टी वडीलधाऱ्यांनी बोलायच्या, मी विचारतो तिला. चार दिवसांनी फोन आला, तिला मान्य आहे. पण तिच्यापुढे विषय काढू नका, तिच्या मनाला लागतं."

"खोटं. माझे वडील खोटं बोलत नाहीत."

"मी वाट बघत होतो, तू स्वतःहून कधी विचारतेस. एकोणीस दिवस बघितली. नंतर वाटायला लागलं, तुला घरच्यांसाठी हो म्हणावं लागलं, आणि आता यायचं नाही म्हणून कागद अडवतेयस."

"खोटं," मी पुन्हा म्हणाले. पण आवाज माझाच मला बारीक वाटला.

"तूच सांगितलं होतंस ना, आप्पा प्रत्येक कागदावर तारीख टाकतात? मग बघ जा."

आप्पांच्या लोखंडी कपाटाला मी आजवर हात लावला नव्हता. किल्ली देवघरात, गंगेच्या गडूमागे, हे मात्र माहीत होतं. वरच्याच कप्प्यात 'चि. उत्तरा, विदेश' अशी फाइल. त्यात दाखल्याची मागची बाजू होती, भाषांतर होतं, सहीचं पान होतं. मागच्या बाजूवर दोन छेद दोन, सहीच्या पानावर तीन छेद तीन. सगळ्यांत तळाशी इंग्रजीतला निकाल, निनाद शेटे विरुद्ध कोणी एक बाई. कोपऱ्यात लाल पेन्सिल: आवक, तेवीस ऑक्टोबर.

साखरपुडा अठरा नोव्हेंबरला झाला होता.

मी तिथेच फरशीवर बसून राहिले. मला खोटी तारीख हवी होती हो! पण आप्पांनी आयुष्यात कधी मागची-पुढची तारीख टाकली नव्हती. स्वतःला वाचवायलासुद्धा टाकली नाही.

ते आले तेव्हा मी फाइल मांडीवर घेऊन ओसरीत बसले होते. त्यांनी चपला काढल्या, फाइल बघितली, आणि दारातच उभे राहिले.

"तेवीस ऑक्टोबर," मी म्हणाले.

"हं."

"मला विचारलंत तुम्ही? मान्य आहे म्हणून कळवलंत त्याला! कुणाला विचारून कळवलंत?"

"तू एकतीसची झाली होतीस, उत्तरा." ते खांबाला धरून हळूच खाली बसले. "सात ठिकाणी जमता जमता मोडलं. तुझी आई त्याच काळजीत गेली. हा मुलगा चांगला होता. मी साताऱ्यात चार ठिकाणी चौकशी केली. पहिलं चौदा महिन्यांत तुटलं, त्यात त्याची चूक नव्हती, हेही कळलं. तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"हो म्हणाले असते कदाचित!"

"कदाचित. त्या कदाचितलाच भ्यालो मी."

"आणि मग कागद का अडवलेत? लग्न झालं होतं, जाऊ द्यायचं होतंत मला."

आप्पांनी हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले. "अर्जाची प्रत आल्यावर मी सगळं नीट वाचलं. मुलाखतीत काय विचारतात तेही शोधून वाचलं. म्हटलं, ही तिकडे काचेपुढे एकटी उभी असणार. पलीकडचा साहेब विचारणार, नवऱ्याचं पहिलं लग्न कधी कळलं? आणि हिला तिथे कळणार. परक्या माणसाच्या तोंडून. बाप बाहेर फुटपाथवर उभा." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. "तुला सांगायला तोंड होईना आणि पाठवायला धीर होईना. म्हणून एकेक पान ठेवून घेत गेलो. म्हटलं, पुढच्या खेपेपर्यंत सांगू."

"आणि काल? काल मी तुमच्या गुडघ्यावर रडले. तो बिचारा लबाड ठरला, आणि तुम्ही नुसतं होय म्हणालात."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझा राग मात्र जराही कमी झाला नाही. उलट वाटलं, रडून सुटतायत.

"डोळे पुसा," मी म्हणाले. "आणि आता विचारा."

"काय?"

"जे तेवीस ऑक्टोबरला विचारायला हवं होतं ते. माझ्यासमोर बसून, माझ्याकडे बघून. विचारा."

आप्पा गोंधळले. मग सरसावून बसले, टोपी नीट केली. कचेरीत वरच्या साहेबापुढे बसायचे तसे ताठ.

"उत्तरा," ते म्हणाले. त्यांनी घसा खाकरला. "साताऱ्याच्या शेट्यांचा मुलगा आहे. तिकडे असतो. स्वभावानं शांत आहे, नोकरी चांगली आहे. त्याचं एक लग्न झालं होतं, चौदा महिन्यांत मोडलं. मूलबाळ नाही. त्यानं आपणहून कळवलंय, लपवलं नाही. हा कागद." त्यांनी निकाल माझ्यापुढे धरला. "तुला हे मान्य आहे का? नाही म्हणालीस तरी माझं काही म्हणणं नाही."

मी कागद हातात घेतला.

"दोन दिवसांनी सांगते," मी म्हणाले आणि आत गेले.

ते दोन दिवस आप्पा धड जेवले नाहीत. मला दया येत होती, पण मी मुद्दाम गप्प राहिले. मला विचार करायचा हक्क कोणीतरी काढून घेतला होता, तो मी वापरून बघत होते. निनादशी रोज बोलले. त्यानं पहिल्या लग्नाचं सगळं सांगितलं, स्वतःचं हसंही करून घेतलं. "एक विचारू का तुला" म्हणून तो अर्ध्यावर सोडायचा ते वाक्य एकदाचं पुरं झालं. त्याला विचारायचं होतं, "तू मनापासून हो म्हणाली होतीस का?" मी म्हटलं, "मला अजून कुणी विचारलंच नव्हतं. परवा विचारलंय. थांब जरा."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फाइलमधून दाखल्याची मागची बाजू काढली आणि आप्पांच्या स्कॅनरवर ठेवली.

"म्हणजे?" आप्पा दारातून म्हणाले.

"म्हणजे मान्य आहे. या इकडे, तुमचा हा डबा कसा सुरू होतो ते दाखवा."

महिनाभरात कागद पूर्ण ठरले आणि ऑगस्टमध्ये मुलाखत लागली. आप्पा बरोबर आले. आत मला एकटीलाच सोडणार होते, म्हणून ते समोरच्या फुटपाथवर पिशवी छातीशी धरून उभे राहिले. आदल्या दिवसापासून एकच घोकत होते, "खरं ते सांग. वडिलांनी उशिरा सांगितलं म्हण. दोष माझ्यावर टाक."

काचेपलीकडची बाई तरुण होती. तिनं विचारलं, लग्न कुठे झालं, नवरा काय करतो, स्वयंपाक कोण करणार. मी म्हटलं, त्याला फक्त खिचडी येते. ती हसली. मी त्या एका प्रश्नाची वाट बघत होते. तिनं कागद चाळले, निकाल उलटला, पुढे गेली. मग म्हणाली, व्हिसा मंजूर, पासपोर्ट आमच्याकडे राहील. जेमतेम चार मिनिटं झाली असतील. पहिल्या लग्नाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.

मी बाहेर आले. आप्पा रस्ता ओलांडून जवळजवळ धावतच आले. व्हिसाचं विचारलं नाही त्यांनी.

"विचारलं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. पिशवीचे बंद मुठीत आवळलेले, दाढीचे खुंट वाढलेले. ज्या प्रश्नाच्या भीतीनं ह्या माणसानं आठ महिने फाइल अडवली, झोप घालवली, माझा संसार मोडायला आणला, तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. हे त्यांना कसं सांगायचं?

"विचारलं," मी म्हणाले.

"मग?"

"मी सांगितलं, माझ्या वडिलांनी सांगितलं. समोर बसून, सगळं नीट. मला विचारलं आणि मग मी हो म्हणाले."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही. टाइप करून घेतलं."

"टाइप केलं?" आप्पांचा चेहरा उजळला. "म्हणजे नोंद झाली?"

"झाली, आप्पा."

त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा काढला आणि भर रस्त्यात डोळे पुसत उभे राहिले.

मला इकडे येऊन सात वर्षं झाली. आप्पा गेल्या मार्चमध्ये गेले. अमेरिकेच्या सरकारदप्तरी आपल्या नावावर तेवढी एक नोंद आहे, असं ते शेवटपर्यंत पेन्शनर संघात सांगत होते म्हणे. मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही.